मालवणची आमची खानावळ आणि तिची नवी वेबसाईट : हॉटेलांच्या साईट तपासतोय, मतं हवीयत

खाडीकाठ (धागाकर्ता) :
नमस्कार मंडळी. मालवणात आमची घरची खानावळ आहे. आई आणि वहिनी रांधपाचं बघतात, दादा गल्ल्यावर, मी नोकरीमुळे पुण्यात म्हणून फोन-इंटरनेटचं सगळं माझ्याकडे. आधी गूगलने फुकट दिलेली एका पानाची साईट होती, ती सोय गूगलने मार्च २०२४ मधे बंद केली, जूनपर्यंत जुना पत्ता आमच्या गूगल प्रोफाईलवर (मॅपवर धंद्याचं नाव, वेळ, फोन दिसतो ते पान) नेऊन सोडायचा, मग तेही थांबलं, आणि आमच्या बिलावर नि बाहेरच्या बोर्डावर अजून तोच पत्ता छापलेला. नंतर एकाकडून घाईत टेम्प्लेटवाली साईट करून घेतली, तीच आता मुळापासून बदलायचीय. दिवाळीत सीझन सुरू व्हायच्या आत.

त्यासाठी मुंबई, पुणे, कोल्हापूर, गोवा आणि आमच्या सिंधुदुर्गातल्या बऱ्याच हॉटेलांच्या, खानावळींच्या साईट बघतोय. कुठली दिसायला छान हे बघायचंच नाही असं ठरवलं. एक माणूस डोळ्यासमोर धरला. किल्ला बघून होडीतून नुकताच जेटीवर उतरलाय, दुपारचे अडीच वाजलेत, सोबत वयस्कर आई आणि भुकेली पोरं, उन्हात उभा राहून एका हातात फोन, रेंज येतेय जातेय. त्याला चारच गोष्टी हव्यात : आत्ता उघडं आहे का, काय मिळेल नि केवढ्याला, यायचं कसं, फोन कुठल्या नंबरवर लावायचा. प्रत्येक साईट दादाच्या जुन्या अँड्रॉईडवर, वायफाय बंद करून उघडायची आणि या चार गोष्टी हाती लागतात का बघायचं.

खरं सांगतो, वाईट वाटलं. ज्यांचं जेवण मी स्वतः जेवलोय आणि हात चाटत उठलोय त्यांच्याही साईटवर पहिल्यांदा काय येतं तर धुराचा, कढईचा व्हिडिओ, तो लोड होईस्तोवर पांढरा पडदा, मग घराण्याची गोष्ट, मग गॅलरी, आणि मेनू म्हणजे पीडीएफ, तीसुद्धा छापील कार्डासाठी केलेली, फोनवर दोन बोटांनी ताणत ताणत वाचायची. काही ठिकाणी मेनूकार्डाचा आडवा फोटो. नंबर चित्रात लिहिलेला, म्हणजे दाबला तर फोन लागत नाही, पाठ करून डायल करा. वेळा साईटवर एक आणि मॅपवर दुसऱ्याच. मालवणी जेवणाच्या पानावर विकतचा पनीर टिक्क्याचा फोटोसुद्धा दिसला. आमच्या सध्याच्या साईटवरही यातलं निम्मं आहेच.

चांगलंही सापडलं. एका छोट्या खानावळीचं पान, नुसता मजकूर, वर ठळक अक्षरात 'सोमवारी बंद, दुपारचं जेवण साडेतीनपर्यंत', खाली थाळ्या आणि दर, खाली नंबर. झटकन उघडलं. त्या पानाने मला जेवढं बोलावलं तेवढं एकाही व्हिडिओने नाही.

आता अडचण. आमच्याकडे मासा रोज वेगळा, दर रोज वेगळा. तो साईटवर लिहायचा कसा? आणि तुम्ही अनोळखी गावात जेवायला जाता तेव्हा साईटवर पहिलं काय शोधता? दोन्ही सांगा.

सुगरण_ठाणे :
छान धागा. आम्ही मे महिन्यात तारकर्लीला येतो त्यामुळे हा विषय माझ्या अगदी पोटातला आहे. मी काय शोधते सांगू का, सासूबाई शाकाहारी, त्यांना नुसतं 'व्हेज मिळेल' असं लिहिलेलं पुरत नाही, त्यांना विचारायचं असतं की तेल वेगळं का, भांडी वेगळी का, आणि काय असेल जेवणात, की आपली डाळ-भात-बटाटा भाजी. कुणी लिहिलं ना की काळ्या वाटाण्याची आमटी, वडे, सोलकढी मिळेल आणि शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होतो, तर आम्ही डोळे मिटून तिथे जाऊ. नसेल होत वेगळ्या भांड्यांत तर तेही लिहा, चालेल, पण लिहा.
दुसरं, जेवण किती वाजेपर्यंत. 'उघडं' आणि 'जेवण मिळेल' यात फरक असतो हो, उशिरा पोचलो की दार उघडं, माणसं आत, आणि सांगतात जेवण संपलं. पोरं रडकुंडीला येतात. आणि तिसरं, गाडी कुठे लावायची. मालवणच्या बाजारपेठेतल्या रस्त्यांवर मोठी गाडी घालून मग मागे घेणं म्हणजे नवरा दिवसभर बोलत नाही. टॉयलेट आहे का हेही लिहा, बायका विचारत नाहीत पण बघतात सगळ्या.

खाडीकाठ :
हे सोनं आहे. भांड्यांचा मुद्दा मी आईला लगेच फोन करून विचारला, आमच्याकडे शाकाहारी भांडी नि तेल खरंच वेगळं असतं पण आम्ही कधी कुठे लिहिलंच नाही कारण घरात ते सगळ्यांना माहीत.

कोडकर :
तुमची तपासायची पद्धत बरोबर आहे, त्यात तांत्रिक भर घालतो. प्रत्येक साईटचा पत्ता गूगलच्या पेजस्पीड इनसाईट्स या वेग मोजणाऱ्या साधनात टाका, फुकट आहे, मोबाईलचा आकडा बघा, डेस्कटॉपचा सोडा. त्यात एलसीपी म्हणून एक माप येतं, म्हणजे पडद्यावरची सगळ्यात मोठी गोष्ट दिसायला किती वेळ लागला, ते अडीच सेकंदांच्या आत हवं. व्हिडिओवाल्या साईट इथेच झोपतात. अजून एक आयएनपी, बटण दाबल्यावर पान किती चटकन हलतं ते, हे माप मार्च २०२४ पासून धरतात, २०० मिलिसेकंदांच्या आत असलं तर चांगलं. सीएलएस म्हणजे पान लोड होताना उड्या मारतं का, तुम्ही नंबर दाबायला जाता आणि मधेच जाहिरात येऊन भलतंच दाबलं जातं ना, ते.
आकड्यांच्या नादी फार लागू नका मात्र, दादाचा जुना फोन हा खरा परीक्षक.
मेनू पानावरच मजकूर म्हणून टाका, पीडीएफ नको, फोटो तर नकोच. मजकूर असला की गूगल वाचतं, 'मालवण तिसऱ्या' (म्हणजे शिंपल्या) शोधणाऱ्याला तुमचं पान सापडतं, शिवाय अंध माणसाचा फोन तो मोठ्याने वाचून दाखवतो. नंबर टेल लिंकमधे, व्हॉट्सॲप डब्ल्यूए डॉट एमई लिंकमधे, म्हणजे दाबलं की थेट फोन किंवा चॅट उघडतं. फोटो वेबपी या फाईलप्रकारात करून टाका, बरेच हलके होतात. सर्च इंजिनांना माहिती नीट कळावी म्हणून स्कीमा डॉट ऑर्ग नावाची ठरलेली शब्दावली आहे, तिच्यात रेस्टॉरंट असा प्रकार आहे, त्यात वेळ, पत्ता, मेनूची लिंक कोडमधे लिहून ठेवा म्हणजे गूगलला अंदाज बांधावा लागत नाही.
देवनागरी फाँटचं एक. जोडाक्षरांमुळे आपले फाँट वजनदार असतात, चार-चार जाडीचे मागवले तर फोटोएवढे जड पडतात. अँड्रॉईडमधे नोटो देवनागरी असतोच, मजकुराला तोच वापरा, नावापुरता मुक्ता किंवा बलू घ्या, दोन्ही एक टाईपवाल्यांचे आणि फुकट आहेत. आणि कोडमधे पानाची भाषा एमआर (म्हणजे मराठी) अशी नोंदवा, काही फाँट मग ल आणि श आपल्या वळणाचे दाखवतात.

रापण :
मी वेगळं बोलतो. साईट हवीच कशाला? माझा मेव्हणा देवबागला होमस्टे चालवतो, गूगल प्रोफाईल, व्हॉट्सॲप बिझनेस आणि इन्स्टा, बस. लोक मॅपवरच शोधतात, तिथेच फोटो, तिथेच रिव्ह्यू, तिथूनच फोन. साईटवर घालवायचे पैसे फ्रीजरला घाला. आणि साईट केली की ती सांभाळायला माणूस लागतो, तो दोन महिन्यांनी कंटाळतो, मग जुने दर बघून लोक येतात आणि गल्ल्यावर भांडण.

खाडीकाठ :
जुन्या दरांवरून भांडण हे अगदी खरंय, दादाने ते भोगलंय. पण सगळं दुसऱ्याच्या अंगणात मांडायला मन धजत नाही. ती फुकट साईट गेली ते वर लिहिलंच, त्याच वर्षी जुलैअखेर प्रोफाईलवरची चॅटची सोयही गूगलने काढून घेतली. त्यांचा माल, त्यांची मर्जी, तक्रार नाही. पण मॅपवर कुणीही 'बदल सुचवा' दाबून आमची वेळ बदलायला सुचवू शकतो, आणि आमचं म्हणणं आमच्या शब्दांत लिहायला तिथे जागा थोडीच मिळते. भांड्यांची गोष्ट मी तिथे कुठे कोंबू? म्हणून प्रोफाईल मुख्य दरवाजा राहू दे, पण आतली खोली आपल्या नावावर पाहिजे.

रापण :
हे पटलं. मग एकच पान करा, जास्त नको.

कोडकर :
+१ एका पानाला. आणि 'आपल्या नावावर' यावरून महत्त्वाचं, डोमेन म्हणजे साईटचा पत्ता खरंच आपल्याच नावावर, आपल्या ईमेलवर नोंदवा. माझ्या एका क्लायंटचं आधीच्या साईटवाल्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं, तो फोन उचलेना, मुदत संपली आणि नाव दुसऱ्याने उचललं. कार्ड, बोर्ड, बिलं सगळं परत छापावं लागलं बिचाऱ्याला.

वाचनवेडा :
रच्याकने (बाय द वे), डोमेन देवनागरीत घेता येतं, डॉट भारत २०१४ पासून आहे. मालवणी खानावळीला किती शोभेल!

कोडकर :
शोभेल, घ्याही, पण बोर्डावर डॉट इनवालं छापा. बेळगाव-बंगळूरकडून येणाऱ्या सगळ्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड नसतो. देवनागरीवालं तिकडेच वळवून ठेवायचं.

चुलीवरची_सई :
माशाच्या दराबद्दल लिहिते, आमचं अलिबागकडे छोटं हॉटेल आहे. सुरुवातीला आम्ही 'दर विचारावा' लिहायचो. लोक घाबरतात त्याला, त्यांना वाटतं गाडीचा नंबर बघून दर सांगणार. मग आम्ही दोन भाग केले. ज्याचा दर आपल्या हातात आहे तो ठाम लिहायचा, म्हणजे शाकाहारी थाळी, कोंबडी थाळी, अंडा थाळी, बांगडा थाळी, भाकरी, सोलकढी. आणि सुरमई, पापलेट, हलवा यांना 'आजचा दर' म्हणून वेगळा चौकोन, आमचा मुलगा बाजारातून आला की फोनवरच गूगल शीटमधे तेवढे आकडे बदलतो, साईट तिथून उचलते. चौकोनावर तारीख आपोआप येते. तारीख फार महत्त्वाची, कालची तारीख दिसली की माणूस समजून घेतो आणि फोन करून विचारतो, भांडत नाही.
मासा नाही मिळाला त्या दिवशी 'आज नाही' असं लिहितो, खोडून टाकत नाही. त्याने उलट विश्वास बसतो लोकांचा, जे आहे ते ताजं आहे असं कळतं.

खाडीकाठ :
सईताई, शीटची कल्पना दादाला लगेच सांगितली, तो म्हणतो, मासळी घेऊन आल्यावर दारातल्या फळ्यावर मी खडूने लिहितोच, त्याच वेळेला फोनवर लिहीन. म्हणजे नवीन काम नाही, आहे त्या कामाला जोडून. माझी सगळ्यात मोठी काळजी हीच होती, की पुण्यात बसून मी रोज काही बदलू शकत नाही, आणि ज्याला मासळीतलं कळतं त्याच्याच हातात ते हवं.

आजरेकर_मास्तर :
फळ्याचाच फोटो रोज टाकला तर? अक्षर घरचं दिसेल.

चुलीवरची_सई :
व्हॉट्सॲप स्टेटसला जरूर टाका, आम्हीही टाकतो. पण साईटवर आकडे मजकूर म्हणूनच. फळ्यावर ऊन पडलं की फोटोत काही दिसत नाही आणि तुमच्यासारख्यांनाच चष्मा काढून घालून वाचावं लागेल मास्तर.

आजरेकर_मास्तर :
खरं आहे. चष्म्यावरूनच सांगतो, आजकाल साईटवर फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर लिहितात, ती उन्हात तर अजिबात दिसत नाहीत. आणि फोटोवर पांढरी अक्षरं घालतात तीही तशीच. आम्हाला जेवायला बोलावताय तर वाचता येईल असं लिहा.

कोडकर :
मास्तर, यालाही माप आहे, अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक निदान ४.५ ला १ असावा असा वेबचा सुलभतेचा नियम आहे, फुकट तपासायची साधनं मिळतात. धागाकर्ते, गडद तपकिरी किंवा काळं पांढऱ्यावर, झालं काम. देवनागरीला मात्रा-वेलांट्यांसाठी ओळींत जागा जास्त सोडा, इंग्रजीचं मोजमाप तसंच ठेवलं की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेत अडकतो.

रंगरेषा :
डिझाईनचं काम करते म्हणून थोडं फोटोंच्या बाजूने बोलू द्या. नुसत्या मजकुराने पर्यटक येणार नाही, पहिल्यांदा मालवणी जेवणाऱ्याला थाळी दिसली पाहिजे. मी हॉटेलांच्या साईट बघते तेव्हा फोटो किती आहेत हे बघत नाही, खरे आहेत का बघते. एकच फोटो घ्या, सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ किंवा पडवीत, रोजच्या ताटात जेवढं वाढता तेवढंच वाढून, तळलेल्या बांगड्यावरचा रवा दिसला पाहिजे, सोलकढीचा रंग जसा आहे तसा, फिल्टर लावून भडक गुलाबी नको. केळीची पानं, फुलं, मडकी मांडू नका जर रोज नसतील तर, कारण माणूस येऊन स्टीलचं ताट बघतो आणि त्याला फसवल्यासारखं वाटतं. दुसरा फोटो दाराचा, रस्त्यावरून दिसतो तसा. हा कुणीच टाकत नाही आणि गल्लीत शोधणाऱ्याला तोच लागतो. आईंचा फोटो त्यांना आवडत असेल तरच.

खाडीकाठ :
दाराचा फोटो! बघितलेल्या साईटमधे तो मला क्वचितच दिसला. आमची खानावळ बाजारपेठेतून आत वळल्यावर आहे, दादाचा निम्मा दिवस 'त्या मेडिकलच्या बाजून आत येवा' सांगण्यात जातो. आणि ताट स्टीलचंच राहील, आई म्हणते गिऱ्हाईक जेवूक येता, ताट बघूक नाय.

सिंगापूरची_मावशी :
आम्ही दोन वर्षांनी एकदा गावी येतो, कोकणकन्येने सकाळी कुडाळला उतरतो नाहीतर चिपीला विमानाने. आमच्यासारख्यांचा प्रश्न असा की आधी ठरवावं लागतं. पावसाळ्यात आलो तर काय मिळेल? एका साईटवर वर्षभर सुरमई-पापलेटचे फोटो बघून जुलैत गेलो आणि तिथे कळलं मासेमारी बंद आहे. चूक आमचीही असेल पण साईटवर लिहायला काय जातं.

खाडीकाठ :
मावशी, बरोबर बोललात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, माशांच्या विणीचा काळ, किल्ल्याच्या होड्याही पावसात बंद. तेव्हा आमच्याकडे खाडीतलं मिळेल ते, सुका बांगडा, सुकट, सोड्याची भाजी, कोंबडी-वडे, असं जेवण असतं, आणि मला विचाराल तर आईच्या हातचं ते जेवण सीझनपेक्षा कमी नाही. त्याचा वेगळा मेनू करायचा हे तुमच्यामुळे सुचलं. जून-जुलैत साईटवर सीझनचा मेनू दिसणारच नाही, पावसाळ्याचाच दिसेल, आणि का ते एका ओळीत लिहीन.

सुगरण_ठाणे :
पावसाळ्याच्या त्या मेनूसाठी मी मुद्दाम येईन.

रापण :
ऑनलाईन ऑर्डर, टेबल बुकिंग वगैरे करणार का? बऱ्याच साईटवर असतं.

खाडीकाठ :
नाही. टेबल बुकिंगचा फॉर्म भरल्यावर तो ईमेलला जातो आणि दुपारच्या गर्दीत ईमेल कोण बघणार, भरणारा मात्र समजतो जागा राखली. दहापेक्षा जास्त माणसं असतील तर आदल्या दिवशी फोन करा, एवढंच लिहिणार. बसचे ग्रुप येतात त्यांना ते पुरतं.

बरं, आतापर्यंतचं धरून पान वरून खाली असं ठरवलंय. सगळ्यात वर नाव आणि लगेच 'आज उघडं, जेवण साडेतीनपर्यंत' अशी ओळ, सुट्टी असेल तर तिथेच लाल अक्षरात, आणि तीच सुट्टी गूगल प्रोफाईलच्या विशेष वेळांमधे त्याच दिवशी टाकायची, दोन्हीकडे वेगळं दिसायला नको. मग फोन आणि रस्ता अशी दोन मोठी बटणं, अंगठ्याला येतील अशी. मग थाळीचा एक फोटो, ठाम दरांचा मेनू, आजच्या माशांचा चौकोन तारखेसकट. मग शाकाहारी स्वयंपाकाची माहिती, गाडी कुठे लावायची, टॉयलेट, दाराचा फोटो. मेनू मराठीत आणि त्याच ओळीत शेजारी इंग्रजीत, वेगळं पान नाही. घराण्याची गोष्ट सगळ्यात खाली चार ओळीत, आजीने कशी सुरुवात केली ते, ती मला काढायची नाही.

कोडकर :
मस्त. तळाला एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा खात्याचा) चौदा आकडी नंबर टाका. बिलावर तो १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारकच आहे, साईटवर असला की बाहेरगावचा माणूस निर्धास्त होतो. शीट बंद पडली किंवा रेंज नसली तर चौकोनात काय दिसेल तेही ठरवा, रिकामा चौकोन नको, 'आजच्या माशासाठी फोन करा' आणि नंबर.

रंगरेषा :
आणि साईट चालू करण्याआधी नात्यातल्या कुणाला दाखवू नका, ते छानच म्हणतील. जेवून हात धुतलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात फोन द्या, सांगा की तुमची आई शाकाहारी आहे असं समजा आणि उद्या तिला घेऊन आमच्याकडे यायचं का ते या साईटवर बघून ठरवा, आणि गप्प उभे राहा. कुठे अडखळतात ते बघा, मदत करू नका.

खाडीकाठ :
दादाला हेच काम देतो, त्याला गप्प राहायला सांगणं अवघड आहे पण करेल. कच्चं पान दसऱ्याच्या आत या धाग्यावर टाकतो. जुने, स्वस्त, काच तडकलेले फोन असलेल्यांनी कृपया उघडून बघा आणि काय दिसलं नाही ते लिहा, काय आवडलं ते नंतर.

आजरेकर_मास्तर :
माझा फोन घ्या यादीत. काच शाबूत आहे पण फोन जुना आहे, आणि आमच्या आळीत रेंज गच्चीवरच येते.

सिंगापूरची_मावशी :
मी इथून उघडून बघते, परदेशातून नंबर लागतो का तेही कळेल. नंबरच्या आधी अधिक एक्क्याण्णव लिहायला विसरू नका.

खाडीकाठ :
लिहितो मावशी. हे माझ्या यादीतच नव्हतं.